बेकी हॅमन आणि रशियाची जर्सी: यादीत नाव नसलेल्या एका गार्डचं प्रकरण

२१ ऑगस्ट २००८, बीजिंग ऑलिम्पिक, महिला बास्केटबॉलची सेमीफायनल, अमेरिका विरुद्ध रशिया. रशियाकडून चेंडू वर घेऊन येणारी गार्ड पाच फूट सहा इंचाची, आणि ती अमेरिकेतल्या साउथ डकोटाच्या रॅपिड सिटीची. समोरच्या टीममधल्या बाराच्या बारा पोरींना ती नीट ओळखते, कारण उन्हाळ्यात त्यांच्याच विरुद्ध डब्ल्यूएनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बायकांच्या प्रो लीगमध्ये, खेळते. मॅच अमेरिकेने ६७–५२ अशी जिंकली आणि बेकी हॅमनने त्यात फक्त ३ पॉइंट केले, सहा शॉटपैकी एकच पडला.

ही मॅच कुठेही चर्चेला आली की लोकांचे दोन गट पडतात. एक म्हणतो पैशासाठी देश विकला, दुसरा म्हणतो अगं बाई किती हिंमत. मला दोन्ही पटत नाही. म्हणून हे सगळं प्रकरण सुरुवातीपासून मांडतोय, आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: हॅमनच्या करिअरमधले मोठे वळणं तिच्या खेळाने जेवढी ठरवली तेवढीच याद्यांच्या हिशोबाने ठरवली. कुठल्या यादीत किती जागा, त्या कोणी आधीच अडवल्यात, आणि उरलेल्या फटीतून कसं घुसायचं. रशिया हा त्या हिशोबातला सगळ्यात गाजलेला प्रसंग, पण पहिला नव्हे.

पहिली यादी १९९९ ची

हॅमन कोलोरॅडो स्टेटची. कॉलेजमध्ये ती काय होती हे एका गोष्टीवरून कळतं, वेस्टर्न अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्समध्ये सगळ्यात जास्त पॉइंटचा रेकॉर्ड कीथ व्हॅन हॉर्नच्या नावावर होता, जो पुढे एनबीएत, पुरुषांच्या प्रो लीगमध्ये, गेला, आणि तो रेकॉर्ड हिने मोडला. पुरुष-महिला असा वेगळा हिशोब नाही, सरळ त्याच्या पुढे गेली. कोलोरॅडो स्टेटसारख्या त्या काळी फारशा कुणी न पाहिलेल्या टीमला तिने १९९९ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या सोळांत नेलं.

आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे डब्ल्यूएनबीएच्या टीम पाळीपाळीने नवीन खेळाडू निवडतात त्यात, तिला कोणीही घेतलं नाही. चार राउंड झाले, एकाही टीमने नाव पुकारलं नाही.

आता याचं कारण उंची असं सगळे सांगतात आणि ते अर्धं खरं आहे. पाच फूट सहा इंचाची गार्ड, फार वेगवान म्हणावी अशीही नाही, डिफेन्समध्ये मोठ्या गार्ड तिला पाठीवर घेऊन आत नेतील ही शंका होतीच. पण उरलेलं अर्धं कारण वेगळंच आहे. अमेरिकेत तेव्हा बायकांच्या दोन प्रो लीग होत्या, १९९७ ला सुरू झालेली डब्ल्यूएनबीए आणि तिच्याआधी सुरू झालेली एबीएल. डिसेंबर १९९८ मध्ये एबीएल ऐन सीझनमध्ये बुडाली, पैसे संपले. तिथल्या तयार, कसलेल्या खेळाडू एका झटक्यात बेकार झाल्या आणि त्या सगळ्या १९९९ च्या ड्राफ्टमध्ये उतरल्या. पहिला नंबर टेनेसीच्या चमिक होल्डस्क्लॉचा होता, ती कॉलेजमधली, पण दुसऱ्या नंबरला गेलेली योलांडा ग्रिफिथ एबीएलमधली, आणि ती त्याच वर्षी डब्ल्यूएनबीएची एमव्हीपी, म्हणजे सीझनची सर्वोत्तम खेळाडू, झाली. म्हणजे बघा, कॉलेजमधून आलेल्या पोरींची स्पर्धा त्या वर्षी एमव्हीपी लेव्हलच्या बायकांशी होती. एखाद वर्ष आधी किंवा नंतर असती तर कोणीतरी तिसऱ्या-चौथ्या राउंडला तरी घेतलंच असतं असं मला वाटतं. वेळ खराब, बस.

डब्ल्यूएनबीएतल्या न्यूयॉर्क लिबर्टीने तिला ड्राफ्टनंतर कॅम्पला बोलावलं आणि ती तिथे टिकली. पहिल्या वर्षी अडीच-पावणेतीन पॉइंटची सरासरी, समोर टेरेसा वेदरस्पून नावाची पॉइंट गार्ड जिला न्यूयॉर्कचं पब्लिक डोक्यावर घ्यायचं. हॅमन बेंचवरून यायची, तीन-चार शॉट मारायची, बसायची. लिबर्टी १९९९, २००० आणि २००२ ला फायनलला गेली, तिन्ही हरली. २००३ मध्ये हॅमन जबरदस्त फॉर्मात असताना गुडघ्याचं एसीएल फाटलं, म्हणजे गुडघ्यातला तो पुढचा दोरीसारखा अस्थिबंध, आणि सीझन गेला. २००४ पासून वेदरस्पूनची जागा तिच्याकडे आली.

एवढी वर्षं बेंचवर घालवलेल्या गार्डला एक गोष्ट शिकायला मिळते जी पहिल्या दिवसापासून स्टार असलेल्यांना नाही मिळत, ती म्हणजे बसून खेळ बघणं. कोण कुठे उशिरा पोचतंय, साथीदार आडवी उभी राहून बचाव अडवते त्या पिकवर समोरची सेंटर, म्हणजे बास्केटजवळची उंच खेळाडू, कधी मागे राहते. हॅमनचा पिक-अँड-रोल बघितलाय का कधी? चेंडू हातात घेऊन ती सेंटरला दोन सेकंद विचारात पाडते, आत येतेस की मागे राहतेस, आणि ती मागे राहिली की तिच्या डोक्यावरून उंच तरंगता शॉट, पुढे आली की बाजूला पास. उंची नसलेल्यांचं हत्यार. फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट, करिअरभर नव्वद टक्क्यांच्या जवळपास, त्यामुळे फाउल करूनही फायदा नाही.

२००७, जेव्हा दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या

एप्रिल २००७ मध्ये, ड्राफ्टच्याच दिवशी, न्यूयॉर्कने तिला सॅन अँटोनियो सिल्व्हर स्टार्सला देऊन टाकलं. बदल्यात घेतली जेसिका डेव्हनपोर्ट, त्या दिवशी ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरला निवडली गेलेली, सहा फूट पाच इंचाची सेंटर, आणि वर पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमधला पहिल्या राउंडचा एक निवडीचा हक्क. उंचीच्या बदल्यात गार्ड. लिबर्टीच्या चाहत्यांना हे अजून झोंबतं, आणि झोंबायलाच पाहिजे.

सॅन अँटोनियोत गेल्या गेल्या तिने १८.८ पॉइंटची सरासरी काढली, ५ असिस्टच्या (ज्यावर लगेच बास्केट होतं अशा पासच्या) सरासरीने लीगमध्ये पहिली आली, ऑल-डब्ल्यूएनबीए फर्स्ट टीममध्ये, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम पाच जणींत, गेली आणि एमव्हीपीच्या मतदानात लॉरेन जॅक्सनच्या मागे दुसरी. वयाच्या तिशीत, करिअरचं सगळ्यात भारी वर्ष.

आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅशनल टीमने बीजिंगसाठी २३ जणींची पहिली यादी काढली तेव्हा त्यात तिचं नाव नव्हतं.

इथे थोडं थांबू, कारण प्रकरणाची गाठ इथेच आहे. अमेरिकेत निवड एका दिवसाच्या ट्रायलवर होत नाही. कमिटी आधी एक मोठा गट ठरवते, तो गट दोन-तीन वर्षं कॅम्प, दौरे, मैत्रीच्या मॅच करत एकत्र राहतो आणि शेवटी त्यातून बारा उरतात. बीजिंगच्या बारांत गार्ड कोण होत्या ते बघा: सू बर्ड, डायना टॉरासी, केटी स्मिथ, कॅपी पाँडेक्स्टर, कारा लॉसन. बर्ड आणि टॉरासी कनेक्टिकटच्या कॉलेजपासूनच्या जोडीदार, २००४ ला अथेन्समध्ये गोल्ड घेऊन आलेल्या. केटी स्मिथ तर त्याहून जुनी. आता त्या गटात नसलेली कोणी एका उन्हाळ्यात तुफान खेळली तरी तिला कोणाच्या जागी घ्यायचं? खेळाच्या दर्जाने बघितलं तर २००७ ची हॅमन यातल्या एक-दोघींच्या बरोबरीची नक्की होती, मी म्हणेन वरचढ होती, पण कमिटी फॉर्म घेत नाही, सवय घेते. आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांचं चुकतं असंही नाही, जे करतायत त्याने गोल्ड येत राहिलंय.

अमेरिकेच्या बाजूने बोलणारे म्हणतात की दार काही बंद नव्हतं, तिने वाट बघायला हवी होती. हॅमनचं म्हणणं होतं की दार नुसतं दिसायला उघडं आहे, आत जागा नाही. दोघं आपापल्या ठिकाणी प्रामाणिक असावेत असं मला वाटतं, पण वाट बघण्याची किंमत फक्त एकाच बाजूला मोजायची होती. बीजिंगला ती ३१ ची असणार, पुढच्या ऑलिम्पिकला ३५.

मॉस्कोचं गणित

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. त्या काळी डब्ल्यूएनबीएतल्या सगळ्यात मोठ्या स्टारचा पगारसुद्धा वर्षाला एक लाख डॉलरच्या आत होता. सीझन उन्हाळ्यातले चार-एक महिने. म्हणून थंडी सुरू झाली की निम्मी लीग विमानात बसून युरोपात जायची, आणि सगळ्यात जास्त पैसा रशियात. तिथले क्लब तिकिटावर चालत नव्हते, कुठे खाणकंपनी, कुठे तेल, कुठे एखादा हौशी धनाढ्य पाठीशी. स्पार्टाक मॉस्कोचा शाब्ताय कालमानोविच बर्ड आणि टॉरासीला राणीसारखं ठेवायचा, आणि २००९ मध्ये मॉस्कोत भर रस्त्यात त्याला गोळ्या घातल्या. असं ते जग होतं.

हॅमनने करार केला सीएसकेए मॉस्कोशी. बातम्यांमध्ये आकडा आला होता चार वर्षांचे साधारण वीस लाख डॉलर. म्हणजे वर्षाचे पाच लाख, घरच्या पगाराच्या पाचपट.

पण एवढे पैसे का द्यावेत तिला? इथे परत यादी आली. युरोपातल्या स्पर्धांमध्ये क्लबला अमेरिकन खेळाडू किती खेळवता येतील याला मर्यादा होती, युरोलीगमध्ये दोन. त्यामुळे अमेरिकन खेळाडू कितीही भारी असली तरी ती क्लबच्या दोन मौल्यवान जागांपैकी एक खाते. तीच खेळाडू रशियन पासपोर्ट घेऊन आली तर ती रशियन म्हणून मोजली जाते आणि क्लबला अजून एक अमेरिकन आणता येते. म्हणजे पासपोर्ट ही भावनेची गोष्ट नंतर, आधी ती क्लबसाठी एक रिकामी झालेली खुर्ची आहे, आणि त्या खुर्चीची किंमत करारात दिसते.

रशियाच्या बास्केटबॉल फेडरेशनचा हिशोब वेगळा. फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, नियमाने प्रत्येक देशाच्या टीमला मोठेपणी नागरिकत्व घेतलेली एकच खेळाडू खेळवता येते. एकच. रशियाकडे मारिया स्टेपानोव्हासारखी दोन मीटरच्या वरची सेंटर होती, फॉरवर्ड चांगल्या होत्या, पण दबावाखाली चेंडू सांभाळून आत पास पोचवणारी गार्ड हवी होती. ती एकमेव जागा मग गार्डवरच खर्च करायची हे ओघानेच आलं. पुरुषांच्या टीमने हाच प्रयोग आधी केला होता, पिट्सबर्गच्या जे. आर. होल्डनला रशियन केलं आणि २००७ च्या युरोबास्केट फायनलमध्ये माद्रिदला स्पेनविरुद्ध ६०–५९ असा विजय देणारा शेवटचा शॉट त्यानेच मारला. त्यामुळे हॅमनचा पासपोर्ट तयार होत होता तेव्हा मॉस्कोत कोणाला नवल वाटलं नसावं, रस्ता आधीच मळलेला होता.

हॅमनकडे एक गोष्ट होती जी बर्ड-टॉरासीकडे नव्हती आणि ती म्हणजे अमेरिकेने तिला ऑलिम्पिक किंवा वर्ल्ड चॅम्पियनशिपला कधी नेलंच नव्हतं. फिबाच्या अधिकृत मोठ्या स्पर्धेत एका देशाकडून खेळलं की दुसऱ्या देशाकडून जाता येत नाही. म्हणजे जो अपमान वाटावा त्याच गोष्टीमुळे ती मोकळी राहिली होती. हे मला सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात गमतीचं वाटतं. आणि हा दरवाजा एकाच बाजूने उघडणारा, एकदा रशियाकडून कोर्टवर उतरली की अमेरिकेची जर्सी कायमची गेली. अमेरिकन नागरिकत्व मात्र तिचं राहिलं, ते कोणी काढून घेतलं नाही, हे बऱ्याच जणांना अजूनही माहीत नसतं.

तर तिच्यापुढे रस्ते काय होते? अमेरिकेच्या यादीत शेवटच्या क्षणी नाव येईल म्हणून थांबणं, ज्यात कोणीतरी जखमी व्हायची वाट बघावी लागली असती. किंवा मॉस्कोत नुसतं क्लबसाठी खेळणं, पासपोर्ट न घेता, म्हणजे पैसे कमी पण कोणी बोट दाखवणार नाही. किंवा सगळंच घेणं, पैसे, पासपोर्ट, ऑलिम्पिक, आणि त्यासोबत येणाऱ्या शिव्या. मला विचाराल तर मधला रस्ता सगळ्यात सोपा होता आणि बहुतेक जणींनी तोच धरला असता. तिने तिसरा धरला. तिने लहानपणापासून ऑलिम्पिकचं स्वप्न पाहिलं होतं असं ती सांगत राहिली, आणि पैसा हे एकच कारण असतं तर मधल्या रस्त्यानेही तिचं बरं चाललं असतं, त्यामुळे मी तरी तिच्यावर विश्वास ठेवतो. पैशाचा वाटा शून्य होता असं मात्र नाही, ते म्हणणं बालिश होईल.

राग कुठून आला

अमेरिकेच्या कोच होत्या अ‍ॅन डोनोव्हन. त्यांनी जाहीरपणे म्हटलं की जी याच देशात राहते, इथेच खेळते, देशाच्या ऐन काळजात वाढली आणि रशियाचा गणवेश घालते ती माझ्या दृष्टीने देशभक्त नाही. हे वाक्य खूप फिरलं आणि डोनोव्हनबाईंना त्यावरून बरंच ऐकावंही लागलं. पण त्या कुठून बोलत होत्या ते बघितलं तर राग समजतो. डोनोव्हन खेळाडू म्हणून १९८० च्या ऑलिम्पिक टीममध्ये निवडल्या गेल्या होत्या, आणि ते ऑलिम्पिक होतं मॉस्कोला, अमेरिकेने बहिष्कार टाकला, त्या घरी बसल्या. पुढे १९८४ आणि १९८८ ला गोल्ड मिळवलं. ज्या बाईचं पहिलं ऑलिम्पिक रशियापायी गेलं तिला ही जर्सी कशी दिसली असेल?

त्यात ताजी जखम पण होती. २००४ च्या अथेन्स सेमीफायनलला अमेरिका रशियाविरुद्ध ६६–६२ अशी जेमतेम वाचली होती. २००६ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या सेमीफायनलमध्ये तर रशियाने त्यांना ७५–६८ असं सरळ हरवलं, आणि तेव्हाही कोच डोनोव्हनच. म्हणजे हॅमन एखाद्या दुबळ्या टीमकडून खेळायला गेली असती तर कोणी एवढं बोललंच नसतं. ती त्याच टीममध्ये गेली जी अमेरिकेला हरवू शकत होती, आणि तीही नेमकी त्या टीमला जे कमी पडत होतं ते घेऊन. वरून बीजिंगचं उद्घाटन झालं त्याच दिवशी, ८ ऑगस्टला, रशिया-जॉर्जिया युद्ध पेटलेलं. वेळ परत एकदा खराब.

हॅमनचं उत्तर साधं होतं, देशावरचं प्रेम जर्सीने कमी-जास्त होत नाही, मी बास्केटबॉल खेळतेय. हे उत्तर मला पूर्ण पटत नाही, कारण ऑलिम्पिक म्हणजे क्लबची मॅच नाही, तिथे झेंडा असतो, राष्ट्रगीत असतं, आणि ते तसंच विकलं जातं. ऑलिम्पिक हवं पण त्यातला देश वजा करून हवं हे जरा सोयीचं झालं. पण मग अमेरिकेनेही देश म्हणजे कमिटीची यादी असं मानलंच होतं ना.

कोर्टवर काय झालं

सेमीफायनल स्कोअरवरून वाटते तेवढी एकतर्फी नव्हती. अमेरिकेने त्या स्पर्धेत जेवढ्या मॅच जिंकल्या त्यातली ही सगळ्यात कमी फरकाची, १५ पॉइंट. बाकीच्यांना त्यांनी २७ पासून ५६ पर्यंत काहीही फरकाने झोडपलं. हॅमनचा खेळ मात्र पडला, आणि याचं कारण दडपण असं म्हणून मोकळं होता येतं, पण मला बास्केटबॉलचं कारण जास्त पटतं. तिचा तो तरंगता शॉट, तिचे पाठीमागून जाणारे ड्रिबल, कुठल्या बाजूला वळते, हे अमेरिकेच्या गार्डना तोंडपाठ होतं. युरोपातल्या टीमना तिला शिकायला दोन मॅच लागायच्या, ह्यांना दोन मिनिटंही लागायची गरज नव्हती. आणि रशियाने ती एकमेव जागा तिच्यावर खर्च केलेली, त्यामुळे तिचा रस्ता अडवला की सेंटरपर्यंत चेंडू पोचायचाच नाही.

दोन दिवसांनी ब्राँझची मॅच, समोर यजमान चीन. रशिया ९४–८१ ने जिंकली, हॅमनचे २२ पॉइंट. एवढी किंमत मोजून ती ऑलिम्पिक मेडल घेऊन परत गेली. २००८ लाच सॅन अँटोनियो लीगमध्ये सगळ्यात चांगला रेकॉर्ड करून फायनलला पोचलेली, तिथे डेट्रॉइटने ३–० धुतलं. तिला डब्ल्यूएनबीएची ट्रॉफी खेळाडू म्हणून शेवटपर्यंत मिळाली नाही. ५,८४१ पॉइंट, सहा वेळा ऑल-स्टार, आणि चॅम्पियनला मिळणारी अंगठी एकही नाही. लंडनला २०१२ मध्ये ती पुन्हा रशियाकडून खेळली, सेमीफायनल फ्रान्सशी हरले, ब्राँझची ऑस्ट्रेलियाशी ८३–७४ अशी हरले, चौथा नंबर.

यावर कोणी म्हणेल मग मिळवलं काय. पण पुढची गोष्ट लंडनहून परतीच्या विमानातच सुरू होते, शेजारच्या सीटवर ग्रेग पॉपोविच. एनबीएतल्या सॅन अँटोनियो स्पर्सचा कोच. दोघं एकमेकांना तोंडओळखीने ओळखत होते, कारण स्पर्स आणि सिल्व्हर स्टार्सचा मालक एकच. म्हणजे २००७ ला न्यूयॉर्कने हाकललं नसतं तर ही ओळखच नसती, आणि रशियाच्या टीममध्ये नसती तर ती त्या विमानातही नसती. नशीब म्हणा. मी म्हणेन ज्या फटीत घुसलं त्या फटीच्या पलीकडे काय आहे ते आधी कधीच दिसत नाही.

जुलै २०१३ मध्ये परत एसीएल, या वेळी वय ३६. बाकीच्या वर्षभराच्या रिहॅबमध्ये ती स्पर्सच्या प्रॅक्टिसला, मीटिंगला जाऊन बसायला लागली, परत तेच, बाजूला बसून खेळ बघणं. २०१४ च्या उन्हाळ्यात रिटायरमेंट जाहीर केली आणि ५ ऑगस्टला स्पर्सने तिला असिस्टंट कोच म्हणून घेतलं, पूर्णवेळ पगारावर एनबीएच्या बेंचवर बसलेली पहिली बाई. पुढच्या वर्षी तिने समर लीगची, म्हणजे एनबीएच्या उन्हाळ्यातल्या तयारीच्या स्पर्धेची, टीम चालवली आणि जिंकली. ३० डिसेंबर २०२० ला लेकर्सविरुद्ध पॉपोविचला रेफरीने बाहेर काढलं तेव्हा जाताना त्याने हिच्याकडे बोट केलं, आणि एनबीएच्या मॅचमध्ये हेड कोचची जबाबदारी पहिल्यांदा एका बाईकडे आली. पण हेड कोचची नोकरी? इंटरव्ह्यू झाले, नावं चालली, पोर्टलंडला २०२१ मध्ये शेवटच्या टप्प्यापर्यंत गेली, मिळाली चॉन्सी बिलप्सला. पुन्हा एक यादी. पुन्हा जवळजवळ.

२०२१ च्या शेवटच्या दिवशी डब्ल्यूएनबीएतल्या लास वेगास एसेसने तिला हेड कोच जाहीर केलं आणि बातम्यांत पगाराचा आकडा आला दहा लाख डॉलर, तेव्हा लीगमधल्या कुठल्याही खेळाडूच्या पगाराच्या चौपट-पाचपट. खेळाडूंचा कमाल पगार २०२० च्या करारानंतर वाढून दोन लाख पंधरा हजारांवर आला होता, म्हणजे ज्या फरकामुळे हॅमन मॉस्कोला गेली तो थोडा बुजला पण मिटला नव्हता. तो मिटला नव्हता म्हणूनच डब्ल्यूएनबीएची स्टार ब्रिटनी ग्राइनर फेब्रुवारी २०२२ मध्ये येकातेरिनबर्गच्या क्लबकडे निघाली होती आणि मॉस्कोच्या शेरेमेत्येव्हो एअरपोर्टवर पकडली गेली. सुटली डिसेंबरमध्ये, अमेरिकेच्या तुरुंगातल्या व्हिक्टर बूट या रशियन शस्त्रविक्रेत्याच्या बदल्यात. त्या घटनेनंतर अमेरिकन खेळाडूंचा रशियाचा रस्ता जवळजवळ बंदच झाला. त्यानंतर कोणी हॅमनसारखा निर्णय घ्यायचं म्हटलं तरी ते फार अवघड झालं.

आता एक गोष्ट जी तिचे चाहते वगळतात. याद्या बनवायची पाळी हिच्यावर आली तेव्हा काय झालं? जानेवारी २०२३ मध्ये एसेसने डिअरिका हॅम्बीला लॉस एंजेलिसला ट्रेड केलं, हॅम्बी तेव्हा गरोदर होती, आणि त्यावरून आपल्याला वाईट वागणूक मिळाली असं तिने जाहीर सांगितलं. हॅमनने आरोप नाकारले. लीगने चौकशी करून हॅमनला दोन मॅच विनापगार सस्पेंड केलं. १२ जागांच्या टीममध्ये कोणाला ठेवायचं आणि कोणाला घालवायचं हे ठरवताना कमिटीच्या जागी बसलेला माणूस कसा वागतो, हे प्रकरण हॅमनच्याच करिअरमध्ये दोन्ही बाजूंनी वाचायला मिळतं, आणि ते वाचायला तेवढं सुखाचं नाही.

निकाल मात्र तिच्या बाजूने येत गेले. २०२२ ला पहिल्याच सीझनला चॅम्पियन आणि कोच ऑफ द इयर, २०२३ ला परत चॅम्पियन, फायनलमध्ये समोर न्यूयॉर्क लिबर्टी, तीच. त्याच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये गेली, पॉपोविचच्याच बॅचला. २०२५ ला तिसरं टायटल, फिनिक्सला ४–० धुऊन.

आणि एसेस म्हणजे कोण? सॅन अँटोनियोची टीम २०१७ चा सीझन संपल्यावर विकली गेली आणि लास वेगासला गेली, नाव बदललं. २०२२ चं टायटल हे त्या फ्रँचायझीच्या इतिहासातलं पहिलं. सहा फूट पाच इंचाची सेंटर देऊन पाच फूट सहा इंचाची गार्ड घेतली होती ना, तीच ही टीम.